इमारत पक्की, दवाखाना अपुरा: हैदराबादच्या उस्मानियाचं प्रकरण

जुलै २०२० चा मध्य. हैदराबादेत जोराचा पाऊस झाला आणि अफझलगंजच्या उस्मानिया जनरल हॉस्पिटलच्या चित्रफिती मोबाइलवर फिरायला लागल्या. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या वॉर्डांत पाणी होतं, आणि तेही नुसतं पावसाचं नाही, गटाराचं. खाटांचे पाय बुडालेले, खाटांवर पेशंट, शेजारी पाण्यातच उभे असलेले नातेवाईक. त्यात कोविडचं पहिलं वर्ष. थोड्याच दिवसांत वरून आदेश आला: जुनी इमारत रिकामी करा आणि बंद करा. महिना संपायच्या आत दारांना कुलपं लागली.

त्या पाण्यानं दोन्ही बाजूंना आपापला पुरावा दिला. इमारत पाडा म्हणणारे म्हणाले, बघा, असल्या ठिकाणी आजारी माणसं ठेवायची का? इमारत वाचवा म्हणणारे म्हणाले, बघा, गटार तुंबलं आणि दोष इमारतीला. दोघंही खरं बोलत होते, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. इमारत टिकेल का, हा एक प्रश्न. त्या इमारतीत आजचा दवाखाना चालेल का, हा दुसरा. २०१५ पासून जवळपास दशकभर हे दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून सरकार, कोर्ट, वर्तमानपत्रं आणि वारसाप्रेमी यांच्यात फिरत राहिले. गाठोडं सोडून बघायला कोणाला सवड झाली नाही. या प्रकरणातून शिकण्यासारखं जे काही आहे ते तिथंच आहे.

मराठी वाचकाला हैदराबादच्या दवाखान्याचं काय, असं वाटू शकतं. पण १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि त्या राज्याचा मोठा सरकारी दवाखाना हाच. मराठवाड्याला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते १९५६ साली औरंगाबादेत. अंबाजोगाईचं १९७४ साली, नांदेडचं त्याच्याही नंतर. तोवर देगलूर, बिलोली, उदगीरच्या पट्ट्यात 'हैदराबादला नेलं' असं कोणी म्हणालं की ऐकणारा आवाज खाली आणायचा, कारण आजार मोठा आहे हे त्यात आलंच. ते नेणं पुढंही थांबलं नाही. आजही नांदेडकडची एसटी हैदराबादच्या ज्या इमलीबन बसस्थानकावर सोडते, ते मूसी नदीच्या पात्रात आहे, आणि तिथून दवाखाना जवळच.

ही इमारत बांधली सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या कारकिर्दीत. धाराशिवला ज्याच्या नावावरून उस्मानाबाद म्हटलं गेलं तोच हा. मराठवाड्यात त्या नावाबरोबर रझाकार आठवतात, १७ सप्टेंबर आठवतो, आणि 'निजामाची इमारत पडली तर पडू द्या' असं बोलणारी माणसं मला भेटलेली आहेत. त्यांना मी एवढंच म्हणतो की ज्या खजिन्यातून ती बांधली, त्या खजिन्यात परभणी-नांदेडच्या रयतेचा शेतसाराही होता. इमारत निजामाची कमी आणि आपल्या पणजोबांची जास्त.

पुरातून उभी राहिलेली

जुनी इमारत म्हणतात ती खरं तर दुसरी. पहिला अफझलगंज दवाखाना १८६६ सालचा, पाचवा निजाम अफझल-उद-दौला याच्या काळातला. क्लोरोफॉर्मच्या इतिहासात हैदराबादचं नाव आहे ते त्या पहिल्या दवाखान्यामुळे. एडवर्ड लॉरी या सर्जननं १८८८ आणि १८८९ मध्ये तिथं 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' चालवली. दुसऱ्या कमिशनला निजामानं पैसा दिला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं लंडनहून लॉडर ब्रंटन यांना धाडलं. क्लोरोफॉर्मनं श्वास आधी थांबतो, हृदयाला थेट धोका नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पुढं चुकीचा ठरला. पण भूल देण्याच्या शास्त्रावर एका संस्थानी दवाखान्यात शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून जगभर वाद पेटवला, ही गोष्ट उरतेच. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई त्याच दवाखान्यात भूल देत. आज उस्मानियाच्या घुमटांच्या फोटोखाली ही सगळी कहाणी चिकटवली जाते, ते बरोबर नाही. ती इमारत मूसीनं नेली.

२८ सप्टेंबर १९०८. मूसीचा पूर. नदीच्या पाणलोटात लहान-मोठे ७८८ तलाव होते आणि त्यातले २२१ फुटले, असं नंतर तपासाला आलेल्या विश्वेश्वरय्यांनी लिहून ठेवलं आहे. एकामागून एक बांध फुटत गेल्यावर शहरात जे आलं ते पाणी नव्हतं, भिंत होती. सुमारे १५ हजार माणसं गेली. जुना पूल तेवढा राहिला. दवाखानाही गेला. दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर दीडशे माणसं चढून बसली आणि वाचली. ते झाड अजून आवारात उभं आहे आणि दरवर्षी २८ सप्टेंबरला काही हैदराबादकर तिथं जमतात.

त्या पुरानंतरचं हैदराबाद म्हणजे एका अर्थी नवीन शहर. वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली. १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड आलं. नदीच्या दोन्ही काठांवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली: दक्षिणेला हायकोर्ट आणि सिटी कॉलेज, उत्तरेला दवाखाना. व्हिन्सेंट एश हा इंग्रज वास्तुकार कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचं काम बघून इकडं आला होता. काचीगुडा स्टेशन, हायकोर्ट, सिटी कॉलेज आणि उस्मानिया या चारही कामांवर त्याचा हात आहे. दवाखान्याचं काम पुरं झालं १९२५ च्या सुमारास.

नदीच्या पलीकडून बघितलं तर घुमट, छत्र्या आणि कमानी दिसतात आणि माणसाला राजवाडा वाटतो. आत गेल्यावर मात्र ती दवाखान्यासाठीच काढलेली इमारत आहे हे कळतं. उंच छत, लांब वऱ्हांडे, समोरासमोर खिडक्या. पेनिसिलिन यायला अजून दीड-दोन दशकं होती. वारा आणि उजेड हेच तेव्हाचं जंतुनाशक, त्यामुळे वॉर्ड कसा बांधला हा औषधोपचाराचाच भाग होता. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण इमारतीचं मोल तिच्या घुमटांत आहे असं धरून चाललं की वाद सौंदर्य विरुद्ध सोय असा होतो. वॉर्डांच्या रचनेत आहे असं धरलं, तर मग विचारता येतं की ती रचना आजच्या कोणत्या कामाला येईल आणि कोणत्या कामाला येणार नाही.

२०१५: चोवीस मजले

जुलै २०१५ मध्ये मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव दवाखान्यात आले. पडकी छतं, जमिनीवर झोपलेले पेशंट, ओपीडीची गर्दी त्यांनी पाहिली. बाहेर येऊन घोषणा केली: ही इमारत धोकादायक आहे, पाडू आणि तिथं चोवीस मजल्यांचे दोन टॉवर बांधू.

ही घोषणा वाऱ्यावरची नव्हती. छताचा गिलावा पडत होता हे खरं. कनिष्ठ डॉक्टर नव्या इमारतीसाठी ओरडत होते हेही खरं, आणि त्यांचं ओरडणं रास्त होतं. १,१६८ खाटांच्या दवाखान्यात येणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त. ज्याला रात्रपाळीत स्ट्रेचर ढकलत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावं लागतं, त्याला कमानींचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण त्याच वर्षाचा जानेवारी आठवा. सचिवालय एर्रागड्डाच्या छातीच्या दवाखान्याच्या जागेवर न्यायचं आणि क्षयरोग्यांना विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात पाठवायचं, अशी योजना याच सरकारनं काढली होती. ती विरोधामुळे मागं पडली. म्हणजे एका वर्षात दोन जुने सरकारी दवाखाने, आणि दोन्हींच्या बाबतीत निर्णय आधी आणि तपासणी नंतर. उस्मानियाचा प्रस्ताव त्यामुळे संशयाच्या हवेतच जन्माला आला. सरकारला खरोखरच पेशंटची काळजी होती असं मानलं, तरी लोकांनी आधी जमिनीकडे बघितलं. आवार २६ एकरांहून मोठं, शहराच्या मधोमध, नदीकाठी.

जुन्या वास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेच्या हैदराबाद शाखेनं इमारतीची पाहणी केली आणि सांगितलं: ढाचा शाबूत आहे, दुरुस्तीनं सावरेल. बिघाड आहे तो देखभाल न केल्याचा.

मुंबईच्या वाचकाला इथं 'सी-वन' आठवेल. इमारत 'सी-वन', म्हणजे अतिधोकादायक, ठरली की रिकामी करून पाडायची. मग मालकाचा अहवाल एक, भाडेकरूंचा दुसरा, आणि दोन्हींवर इंजिनिअरची सही. उस्मानियातही अहवालांचं तेच झालं. फरक इतकाच की इथं मालकही सरकार, पाडणारंही सरकार आणि इतकी वर्षं देखभाल न करणारंही सरकार.

देखभालीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथं आहे. चुन्यात बांधलेल्या इमारतीचं मरण छपरावर आणि संडासात सुरू होतं. गच्चीवरची पन्हाळी पानांनी बुजली की पाणी साचतं. साचलेल्या पाण्याशेजारच्या भेगेत कबुतराच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. पिंपळ वरून कापला तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट येतो, मूळ मारावं लागतं. वरच्या मजल्यावर मागाहून बसवलेल्या मोऱ्यांची गळती भिंतीत उतरते. मग बांधकाम खात्याचा माणूस येतो आणि त्या ओल्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा मारून जातो, कारण त्याच्या दरसूचीत सिमेंट आहे आणि चुना नाही. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही. दोन वर्षांनी तो पोपडा धरून कोणाच्या तरी खाटेवर पडतो, आणि वर्तमानपत्रात बातमी येते: जीर्ण इमारतीचा भाग कोसळला. यात जीर्ण काय झालं, इमारत की दरसूची?

सरकारी दवाखान्यात हे जरा जास्तच होतं. इमारत बांधकाम खात्याची, वापर आरोग्य खात्याचा, पाणी आणि गटार तिसऱ्याचं. अधीक्षक डॉक्टर असतो. त्यानं पत्र लिहायचं, आठवणीचं पत्र लिहायचं आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवायची, पुढं चौकशी लागली तर कामाला येते म्हणून. त्यात इमारत वारसा यादीत असली की आणखी एक सोय होते. 'हेरिटेज आहे, हात लावता येत नाही' असं म्हणून साधं पन्हाळंही साफ करायचं टाळता येतं. कोणत्याही वारसा नियमानं पन्हाळं साफ करायला मनाई केलेली नाही.

कायदा काय म्हणत होता

हैदराबादेत वारसा वास्तूंसाठी 'रेग्युलेशन १३' होतं. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, हैदराबादचं हे कलमही त्याच काळातलं. त्याच्या यादीत उस्मानिया दोन-ब श्रेणीत होती. या श्रेणीचा अर्थ बहुतेकांनी 'हात लावायचा नाही' असा घेतला. मुंबईच्या नियमावलीत दोन-बची व्याख्या बघा: त्याच आवारात वाढीव किंवा नवी इमारत बांधता येते, फक्त उंची आणि दर्शनी भाग जुन्याशी मेळ खाणारा हवा. म्हणजे जुनी ठेवून बाजूला नवी बांधणं ही वाट या श्रेणीच्या कल्पनेतच आहे. चोवीस मजले त्यात बसत नाहीत, पण आठ-दहाबद्दल निदान बोलता आलं असतं.

ते बोलणं झालं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तेलंगण सरकारनं रेग्युलेशन १३ च काढून टाकलं. २०१७ मध्ये राज्याचा नवा वारसा कायदा आला. टॉवरची घोषणा जुलैत आणि नियम रद्द डिसेंबरात, हा क्रम बघून वारसाप्रेमींनी जो अर्थ लावायचा तो लावला. त्यांना दोष कसा द्यायचा?

कोर्टाचा कल कसा असेल याची चुणूक मिळाली ती दुसऱ्याच इमारतीवरून. इर्रम मंझिल हा जुना नवाबी महाल पाडून तिथं विधानसभा बांधायचा मंत्रिमंडळाचा निर्णय तेलंगण उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द केला. त्यानंतर उस्मानियावर थेट बुलडोझर नेणं सरकारला सोपं राहिलं नाही. उलट बाजूनं, जुनं सचिवालय पाडायला मात्र कोर्टाची हरकत उरली नाही आणि ते काम सुरू झालं जुलै २०२० मध्ये. उस्मानियात पाणी शिरलं तोच महिना. एका इमारतीसाठी यंत्रं रात्रंदिवस चालू शकतात, आणि दुसरीचं गटार साफ होत नाही, हे त्या महिन्यात हैदराबादकरांनी एकाच वर्तमानपत्रात वाचलं.

कुलपानंतर

जुनी इमारत बंद झाल्यानं पेशंट कमी झाले नाहीत. ते आवारातल्या बाकीच्या इमारतींत कोंबले गेले. वादाची किंमत कोणी भरली, हे विचारायचं असेल तर तिथं जाऊन विचारावं. जिल्ह्यातून आलेला, पुढं कुठं जायची ऐपत नसलेला माणूस. त्याच्या वतीनं दोन्ही बाजू बोलत होत्या. कोर्टात जनहित याचिकाही दोन्ही प्रकारच्या होत्या: पाडून नवी बांधा म्हणणाऱ्या आणि पाडू नका म्हणणाऱ्या.

कोर्टापुढं तज्ज्ञ समितीचं मत आलं, त्याचा सूर असा की दुरुस्ती केली तरी ही इमारत दवाखाना म्हणून चालवण्याजोगी नाही. जुलै २०२३ मध्ये सरकारनं शपथपत्र दिलं: पाडणार, आणि तिथं सुमारे ३५ लाख चौरस फुटांचं, १,८१२ खाटांचं नवं रुग्णालय बांधणार.

इथं माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी उडी आहे, आणि ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. समितीचं म्हणणं 'दवाखाना म्हणून चालणार नाही' एवढं. त्यावरून शपथपत्रात 'पाडणार' कसं आलं? मधली पायरी गायब आहे. दवाखाना म्हणून न चालणारी इमारत ग्रंथालय म्हणून चालेल, वैद्यकीय संग्रहालय म्हणून चालेल, महाविद्यालयाचे वर्ग म्हणून, कार्यालय म्हणून, फार तर साध्या ओपीडीसाठी चालेल. पहिल्या वाक्याचं उत्तर 'दवाखाना हलवा' हे आहे.

समितीचं मत मला पटतं, हेही सांगून टाकतो. आजच्या मोठ्या रुग्णालयाला भिंतीतून जाणारी ऑक्सिजनची नळी लागते, ऑपरेशन थिएटरला गाळलेली थंड हवा लागते, स्ट्रेचर मावेल अशा लिफ्ट लागतात, आगीच्या वेळी सुटायला वेगळे जिने लागतात, संसर्गाचा वॉर्ड वेगळा करावा लागतो. उघड्या वऱ्हांड्यांच्या आणि उंच छतांच्या इमारतीत हे सगळं घुसवायचं तर प्रत्येक नळीसाठी भिंत फोडायची. मग दवाखानाही धड होत नाही आणि वारसाही उरत नाही. वारसाप्रेमी 'ढाचा मजबूत आहे' हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ते खरंही होतं. पण आयसीयू कुठं करायचं, हे विचारणाऱ्या डॉक्टरला ते उत्तर नव्हतं. त्यामुळे डॉक्टर त्यांच्या बाजूला कधी आले नाहीत. ज्या वादात पांढरा कोट एका बाजूला आणि घुमट दुसऱ्या बाजूला दिसतो, त्यात घुमट हरतो.

वाटा चारच होत्या. पाडून त्याच जागी नवं. जुनीच दुरुस्त करून तिच्यातच वॉर्ड. जुनी ठेवून, आवारातल्या मागाहून झालेल्या मोडक्या इमारती काढून तिथं नवं. किंवा रुग्णालय दुसरीकडे आणि जुनी इमारत वेगळ्या कामाला. तिसरी वाट इंटॅक आणि इतर मंडळी सांगत होती आणि कागदावर ती सगळ्यांत शहाणी दिसते. जागा बदलत नाही, बस बदलत नाही, नदीकाठचा तो पत्ता लोकांच्या जिभेवर आहे तो राहतो. अडचण एकच, पण मोठी: चालू दवाखान्यात टप्प्याटप्प्यानं बांधकाम करायचं तर आधी एक ब्लॉक, मग त्यात पेशंट हलवून दुसरा, असं आठ-दहा वर्षं धीरानं करत राहावं लागतं. पाच वर्षांच्या सरकारला त्यात फीत कापायला काही मिळत नाही. ही वाट २०१५ मध्ये धरली असती तर २०२० च्या पुराआधी निदान पहिला ब्लॉक उभा असता, असं मला राहून राहून वाटतं.

गोशामहल

डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं. नव्या मुख्यमंत्र्यांनी, रेवंत रेड्डी यांनी, चौथी वाट धरली: रुग्णालय जवळच्या गोशामहलला, पोलिसांच्या मैदानाच्या जागेवर, आणि जुनी इमारत वारसा म्हणून राखायची. ३१ जानेवारी २०२५ रोजी पायाभरणी झाली. २६ एकर, २,००० खाटा, ३२ लाख चौरस फूट.

पहिल्या घोषणेपासून मोजलं तर साडेनऊ वर्षं, आणि हाती आला तो एक कोनशिलेचा दगड.

गोशामहलमध्ये आनंदीआनंद झाला असं नाही. मैदान जाणार म्हणून रहिवासी चिडले, गर्दी आणि वाहनं वाढणार म्हणून व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. त्यांचं एक म्हणणं हलकं घेण्यासारखं नाही. याच भागात डिसेंबर २०२२ मध्ये नाल्यावरचा रस्ता भर दिवसा खचला आणि वाहनं, हातगाड्या नाल्यात गेल्या. जुन्या दवाखान्याला ज्यानं बुडवलं तोच प्रकार, म्हणजे जमिनीखालचं पाणी आणि सांडपाणी कुठून वाहतं याचा पत्ता नसणं, नव्या जागेतही वाट बघत बसलेला आहे. मूसीचं तर बोलूच नये. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि इमलीबनच्या बसस्थानकात शिरलं. १९०८ चा तो आठवडा, तीच नदी.

वारसाप्रेमींना हा निर्णय म्हणजे विजय वाटला, आणि एका परीनं तो आहे. पण विजयानंतर काय, याचं एक उदाहरण आपल्या जवळ आहे. पणजीत मांडवीच्या काठी गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत आहे. १८४२ साली सुरू झालेल्या एस्कोला मेडिकाची परंपरा सांगणारी ती संस्था पुढं बांबोळीला गेली. मागं उरलेल्या इमारतीचं काय करायचं हा प्रश्न सुटला तो भावनेनं नाही, तारखेनं. २००४ मध्ये 'इफ्फी' हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, महोत्सवाला जागा हवी होती, दिवस ठरलेला होता. आज तिथं मनोरंजन सोसायटीचा कारभार चालतो, नोव्हेंबरात सिनेमावाल्यांची रांग लागते. पेशंट गेल्यावर त्या इमारतीला दुसरा भाडेकरू मिळाला, किल्ल्या कोणाच्या खिशात आहेत हे ठरलं, आणि दर पावसाळ्याआधी गच्ची बघायला कोणीतरी जायला लागलं. इमारतीला एवढंच लागतं.

उस्मानियाला अजून तो भाडेकरू ठरलेला नाही. 'वारसा म्हणून राखू' हे वाक्य म्हणजे वापर नव्हे. माझं मत विचाराल तर उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयालाच ती द्यावी. त्या संस्थेचं मूळ १८४६ च्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये आहे आणि तिथं वैद्यक एके काळी उर्दूतून शिकवलं जाई. क्लोरोफॉर्म कमिशन, उर्दूतले वैद्यकाचे पारिभाषिक शब्द, १९०८ चा पूर, चिंचेचं झाड, एवढा ऐवज ज्या संस्थेच्या पदरी आहे तिला संग्रहालयासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. तळमजल्यावर साधी ओपीडी ठेवली तर उत्तमच. देगलूरहून आलेल्या म्हाताऱ्याला गोशामहल माहीत नसतं, त्याला अफझलगंज माहीत असतं.

पण हा सगळा नंतरचा विचार. भाडेकरू ठरेपर्यंतची कामं त्याच्या आधीची आहेत आणि त्यांना ना कोर्टाचा निकाल लागतो ना मंत्रिमंडळाची बैठक. पन्हाळी मोकळी करणं, घुमटांच्या खाचांतले पिंपळ मुळासकट काढणं, बंद मोऱ्यांचे नळ तोडणं, सिमेंटचे पोपडे उतरवून चुना लावणं, तळमजल्याखालच्या गटाराचा नकाशा काढणं. रिकाम्या इमारतीत गळती दिसायला खालच्या खाटेवर माणूस नसतो, म्हणून ती भरलेल्या इमारतीपेक्षा लवकर खचते. २०२० च्या कुलपानंतर किती पावसाळे गेले ते मोजायला एका हाताची बोटं पुरत आली आहेत.